दुखलं तर डावा हात

दातांच्या दवाखान्यात कुणी हसत शिरत नाही आणि शिरलेला कुणी रेंगाळत नाही, ही जगाची रीत. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात तेवढी ती उलटी पडली होती. दाढ भरून झाली, चूळ भरून झाली, तरी माणसं बाहेरच्या बाकावर पुन्हा टेकायची, भिंतीला डोकं लावून डोळे मिटायची. नंबर देणाऱ्या वन्सं विचारायच्या, "आता काय राहिलंय?" उत्तर ठरलेलं, "एवढी बाजू संपू दे, निघतोच."

बाजू म्हणजे रेकॉर्डची बाजू. वन्संच्या खुर्चीमागे एक लाकडी कपाट होतं. त्यात तबकडी फिरायची आणि त्या तबकडीतून दिवसभर एक गिटार पाझरायची. तशी गिटार त्या गल्लीने आधी ऐकली नव्हती. त्या माणसाने म्हणे पडद्यांमधलं लाकूड खरवडून खोलगट केलं होतं. तार त्या खळग्यात दाबली की स्वर लवायचा, वाकायचा, घर सोडून निघालेल्या माणसासारखा वळून वळून मागे पाहायचा. मारव्याचा आलाप असा सुरू व्हायचा, की कुणीतरी दार न वाजवता उंबऱ्याशी येऊन उभं राहिलंय. आणि ऐकणारा मनातल्या मनात 'या, बसा' म्हणतो न म्हणतो तोच खालून जॅझचा बेस चालायला लागायचा, खिशात हात घालून, कुठंच जायची घाई नसलेल्या माणसासारखा. मग तीच गिटार तिरके, भरगच्च स्वर एकावर एक रचायची. राग मोडायचा नाही. बैठक सोडून खिडकीत येऊन बसायचा, एवढंच.

शास्त्रीयवाले म्हणत, हा वाट चुकला. जॅझवाले म्हणत, हा नुसती वाटच पाहायला लावतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना, तसं त्याचं चाललं होतं. पण या दवाखान्यात तो पोटभर जेवत होता. इथली माणसं त्याला प्रेमाने 'बुवा' म्हणत. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर म्हणे, "पाहुणा कसला? दोन घरांमधली भिंत पाडायला बोलावलेला गवंडी आहे तो. धूळ उडणारच."

आणि या माणसांची दाद द्यायची पद्धतही निराळी. ती अशी पडली.

तोंडात हत्यार असताना माणूस बोलणार काय? म्हणून खुर्ची मागे कलती करताना बाई प्रत्येकाला एकच नियम सांगत, "दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबते." आणि थांबत. समोर राजा असो की रडकं पोर, हात वर गेला की बाईंचं मशीन बंद. या एका शब्दावर त्यांचा दवाखाना उभा होता. एकदा शाळेतले गणिताचे सर खुर्चीत होते. दाढ अर्धी कोरलेली, आणि सरांचा हात वर. बाई थांबल्या. "दुखलं?" सरांनी मान हलवली, नाही. बोट छताजवळच्या स्पीकरकडे दाखवलं. बाईंनी कान दिला. गिटार कोमल रिषभावरून अशी काही घसरत खाली येत होती, की बाईंनीही मशीन खाली ठेवलं. ती जागा निघून गेली, मग सरांनी हात खाली घेतला आणि तोंड पुन्हा उघडलं.

तिथून ती खोड पसरली. 'वाहवा' म्हणायला तोंड मोकळं नसलेल्या माणसांची ती वाहवा. पुढे तोंड मोकळं असलं तरी हातच वर जाऊ लागला. बाहेरच्या बाकावर हात, घरी रेडिओपाशी हात. रस्त्यात दोघे भेटले तर नमस्काराऐवजी हात. एकदा बेकरीवाल्याने पलीकडच्या फुटपाथवरच्या सरांना असा हात केला, तर मध्ये बस येऊन थांबली.

"येड्यांचा बाजार," वन्सं म्हणायच्या.

वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. नंबर देणारी मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा 'चार दिवस बसते' म्हणून त्या खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच. त्यांच्या जिभेला दोन खोडी होत्या, एक तिखटाची आणि एक यमकाची. बुवांच्या वाजवण्याला त्या तुणतुणं म्हणत. बाकावर डुलणारी माणसं पाहून एकदा त्यांनी तोंडातल्या तोंडात जोडून टाकलं होतं,

"सहा तारांचं तुणतुणं वाजतंय दिवसभर,
दात दुखतोय एकाचा, डुलतंय सारं घर."

आणि गंमत अशी, की त्या घराला बुवांच्या वाजवण्यातली सगळ्यात लाडकी असलेली जागा वन्संच्याच हातची होती. कशी, ते ऐका. फार मागे कपाट पुसताना त्यांच्या हातून रेकॉर्डवर ओरखडा उठला. तेव्हापासून मारव्याच्या मध्यावर सुई अडकायची आणि स्वरांची एक छोटीशी फिरत पुन्हा पुन्हा वाजायची. पहिल्यांदा वाजली की वन्सं मान वर करत. दुसऱ्यांदा वाजली की म्हणत, "आलं का परत." आणि तिसऱ्यांदा वाजता वाजता मागे न बघता कपाटावर मूठ आपटत. धप्प. सुई उडी मारून पुढे. एकच तुकडा तीनदा म्हणून शेवटच्या ठोक्याला नेमकं समेवर उतरायचं, याला गाण्यात तिहाई म्हणतात. ओरखड्याने आणि वन्संच्या मुठीने मिळून ती आपोआप घडायची. बाकावरच्यांचे डोळे मिटलेले, आत खुर्चीतल्यांचे डोळे छताला. मूठ कुणी कधी पाहिलीच नाही. सगळ्यांना वाटे, बुवांनी तशीच बांधली आहे. तिथे हात हमखास वर जायचे. गणिताचे सर तर समजावून सांगत, "तो ठोका तबल्याचा नाही, ड्रमचा नाही. काहीतरी जुनं चामड्याचं वाद्य असणार. मुद्दाम शोधून आणलेलं."

बाईंना खरं माहीत होतं. पण कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. वन्संनाही नाही.

तर त्या दिवशी संध्याकाळी गावातल्या सभागृहात बुवा वाजवणार होते. पहिल्यांदाच. दवाखान्याची सगळी मंडळी जाणार होती. मधल्या रांगा तिकिटं काढून त्यांनीच भरल्या होत्या. बाईंनी दुपारनंतर कुणाला नंबर दिला नव्हता, बेकरीवाल्याची दाढ तेवढी शेवटची. त्याला भूल देऊन, अर्धा जबडा जड व्हायची वाट पाहत बाहेर बसवलं होतं. तबकडीवर मारवा नुकताच लागला होता.

दार ढकलून एक उंच माणूस आत आला. डावा गाल तळव्यात धरलेला, डोळे रात्रभर न मिटलेले.

"काय होतंय?" वन्संनी विचारलं.

"दाढ."

"ते दिसतंय. बसा."

तो बसला नाही. कपाटाकडे पाहत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर दाढेच्या कळेहून वेगळी अशी एक कळ उमटली. "हे जरा बंद कराल का?" तो म्हणाला. "मला ऐकवत नाही."

वन्संचा चेहरा उजळला. त्यांनी सुई उचलली. "इतक्या वर्षांत पहिला शहाणा माणूस आलात. बसा हो, बसा. तुमचा नंबर आधी लावते."

बेकरीवाला मात्र एकटक पाहत होता. रेकॉर्डच्या वेष्टणावर बुवांचा चेहरा नव्हता, नुसते हात होते. ते हात त्याने पाव भाजता भाजता इतक्यांदा आठवले होते, की तो ते कुठेही ओळखू शकला असता. गालावरच्या त्या बोटांच्या टोकांना तारांनी घट्टे पाडलेले. खाली सोडलेल्या उजव्या हाताची नखं वाढवून, घासून गोल केलेली. बेकरीवाला उभा राहिला. हा माणूस समोर आला तर काय बोलायचं ते त्याचं केव्हाचं पाठ होतं. तो पुढे झाला, तोंड उघडलं, आणि भूल चढलेल्या जिभेवरून ते सगळं भाषण लाळेसकट हनुवटीवर सांडलं. "भुभा... थुम्मी... अमा..."

"बोलू नका, जीभ चावली जाईल," वन्सं ओरडल्या.

मग बिचाऱ्याला उरलं तेच त्याने केलं. डावा हात वर केला. डोळे भरून आलेले.

"यांना काय होतंय?" त्या माणसाने विचारलं.

"दुखत असेल. दुखलं की डावा हात वर करायचा, इथला नियम आहे."

बाई आतून आल्या त्या या आवाजाने. त्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो हवेत तारा छेडून दाखवत होता. मग त्यांनी त्या माणसाचे हात पाहिले. बाईंनी हातातला आरसा एकदा पुसला, मग पुन्हा पुसला. "आत या," त्या म्हणाल्या.

आरशात दिसलं ते सरळ होतं. खालची दाढ. जुनं भरण फुटलेलं, खाली कीड थेट दाताच्या नसेला भिडलेली. नस उघडून तिच्यावरचा ताण काढायचा, औषधाचा बोळा ठेवायचा, वरून तात्पुरतं बुजवायचं. रोजचं काम.

"भूल नको," बुवा म्हणाले.

"भुलेशिवाय तुम्ही छताला जाल."

"ते बाहेरचे गृहस्थ पाहिले मी. माझं तसं झालं तर मी आज वाजवू शकणार नाही."

"वाजवता तर हाताने," बाई म्हणाल्या. खरं तर उत्तर त्यांना माहीत होतं, पण बुवांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"हात गळ्याचं ऐकतात, बाई. मी आधी तोंडातल्या तोंडात म्हणतो, मग बोटं जातात. मागे एका ठिकाणी अशीच सुई दिली. अर्धी जीभ, अर्धा ओठ, सगळं गेलं. त्या संध्याकाळी हात चालत होते, नाही असं नाही. पण मालक गावाला गेलेल्या घरातले नोकर चालतात, तसे." ते जरा थांबले. गालात ठणका मारून गेला असावा. "आणि हे असंच ठेवून बसलो, तर पहिली मींड ओढतानाच स्टेजवर आडवा होईन. काय करायचं ते सांगा."

रेकॉर्डवर तारांच्या खाली ती गुणगुण ऐकू यायची. नीट कान दिला तरच. दगडाखालून पाणी चाललेलं असावं तशी. सगळ्यांना गिटार आवडे. बाईंना गिटार आवडे ती त्या गुणगुणीसाठी. वाजवणारा माणूस एकटा बसून स्वतःला समजावतोय, असं त्यांना वाटे, आणि मग हातातलं कितीही अवघड काम सोपं होऊन जाई. आज संध्याकाळची ती गुणगुण आता या खुर्चीत, त्यांच्या आरशासमोर आ वासून पडली होती.

बाईंनी विचार केला. फार वेळ नाही केला. "एक वाट आहे," त्या म्हणाल्या. "मोठी सुई देऊन अर्धा जबडा झोपवायचा नाही. दात आणि हिरडी यांच्या फटीत बारीक सुईने थेंब थेंब औषध सोडायचं. तेवढी दाढ झोपते. जीभ जागी, ओठ जागा. पण झोप सावध असते तिची, आणि थोड्याच वेळाची. त्यात माझं काम व्हायला हवं."

"होईल?"

"होईल."

"इतकी खात्री?"

"बुवा, तुम्ही आलाप सुरू करताना समेवर याल की नाही असं कुणी विचारतं का तुम्हाला?" बाईंनी दिवा ओढून घेतला. "दाढ आता माझी. दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबते."

थेंब थेंब सोडताना हात ठीक होता. मशीन उचललं आणि बाईंच्या लक्षात आलं, की हात बावरलाय. रोजचा नव्हता. नवख्या घरात पाणी शोधणाऱ्या माणसासारखा. मग कळलं. दवाखाना गप्प होता. इतकी वर्षं हा हात त्या गिटारीच्या संगतीने चालत आला होता, आणि आज नेमकी तीच बंद. एक लाळ ओढणारी नळी तेवढी घूं करून आपला एक सूर धरून होती. बाईंनी मशीन चालू केलं. नळीचा सूर षड्जासारखा खाली लागून राहिला, आणि त्या सुरावर बाईंच्या नकळत त्यांचा गळा चालू झाला. मारवा. मास्कच्या आत, ओठ मिटून. हात घरी आला. फुटकं भरण कडेकडेने सुटत गेलं, दाढेच्या भिंतीला धक्का न लावता. गाणं मध्यावर आलं. ती फिरत आली, एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा, आणि बाईंनी टाच फरशीवर टेकवली. धप्प.

डावा हात वर गेला.

मशीन तत्क्षणी बंद. "दुखलं?"

बुवांनी मान हलवली. तोंडातली नळी स्वतःच बाजूला केली. "हे काय म्हणालात तुम्ही?"

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "तुमचंच. मारवा."

"माझ्यात ते एकदाच आहे. तीनदा कुठून आलं? आणि तो पाय आपटलात तो?"

"ती माझी मूठ," दारातून वन्संचा आवाज आला. बेकरीवाल्याने कागदावर लिहून त्यांना पाहुणा कोण ते सांगितलं होतं, आणि त्या खात्री करायला आल्या होत्या. "म्हणजे तुणतुणेवाले ते तुम्हीच?"

"हो."

"आणि तुम्हालाच ऐकवत नाही?"

"रेकॉर्ड झालेलं नाही ऐकवत. चुका तेवढ्या दिसतात."

"बघ, वहिनी. मी इतकी वर्षं काय सांगतेय?" मग त्यांनी ओरखड्याची, मुठीची सगळी हकीकत सांगितली, हातचं न राखता, वर 'कपाट पुसायचं नाही तर काय करायचं' हेही. बुवा ऐकता ऐकता खुर्चीच्या हातावर बोटं टेकवत होते. मात्रा मोजून झाल्या. पुन्हा मोजल्या. "बरोबर समेवर येतंय," ते म्हणाले. "मला सुचायला हवं होतं हे. तिथे मी घाईने पुढे गेलोय. नेहमी वाटायचं, काहीतरी राहिलं."

"तोंड उघडा," बाई म्हणाल्या. "झोप थोडी आहे तिची."

शेवटच्या टप्प्यावर हात पुन्हा वर गेला, आणि या वेळी डोळेही मिटले गेले. हे खरं दुखणं होतं. बाई थांबल्या. नस अर्धी उघडली होती आणि दाढ जागी होऊ लागली होती. अशा वेळी 'आता झालंच, जरा सोसा' म्हणायचा मोह होतो. बाईंनी तो कधी केला नव्हता. त्यांनी पुन्हा बारीक सुई घेतली, पुन्हा थेंब थेंब, आणि वाट पाहिली. खालच्या पट्टीत गुणगुणत पाहिली. मग एका दमात काम संपवलं, औषधाचा बोळा ठेवला, वरून बुजवलं.

बुवांनी जीभ फिरवली. ओठ दाबले. हळूच निषादावरून रिषभावर जाऊन आले. "आहे," ते म्हणाले. "सगळं आहे."

"आत्ता आहे," बाई म्हणाल्या. खोटा दिलासा देणं त्यांच्या जिभेला माहीत नव्हतं. "मी माझं काम चोख केलंय. पण नस दुखावलेली आहे. औषध उतरल्यावर ती गप्प राहिली तर राहिली. ते संध्याकाळीच कळेल."

"आणि नाही राहिली तर? मध्येच?"

"तर डावा हात वर करा. मी पुढच्या रांगेत असेन. पिशवी घेऊन येते."

सभागृहात एका अंगाला शास्त्रीयवाले बसले होते, हाताची घडी घालून. दुसऱ्या अंगाला जॅझवाले, पायावर पाय टाकून. मधे दवाखाना. बेकरीवाल्याची जीभ परत आली होती आणि ती दुपारची सगळी कसर भरून काढत होती. वन्सं बाईंच्या शेजारी. 'पिशवी धरायला कुणीतरी हवं' असं सांगून आल्या होत्या. पिशवी मात्र बाईंच्याच मांडीवर होती.

गिटार लागली. षड्जाला लांबूनच वळसा घालत मारवा उभा राहिला. सभागृहाने स्वर ऐकले. बाई स्वरांच्या खाली ऐकत होत्या, आणि खाली काहीच नव्हतं. दगड होते, पाणी नव्हतं. बोटं बरोबर जात होती, पण नोकरासारखी. बुवांचा जबडा घट्ट मिटलेला. घाबरलाय, बाईंनी ओळखलं. दुखत नाहीये; दुखेल म्हणून तोंड उघडत नाहीये. असे पेशंट त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. दात बरा होऊन गेला तरी जीभ त्या बाजूला जात नाही.

त्यांनी पिशवीवरचे हात सैल सोडले. आपण केलेलं काम दाढेच्या तळापासून वरपर्यंत एकदा मनात तपासून घेतलं. त्यात कुठेच फट नव्हती. जा, त्या मनात म्हणाल्या, जा त्या बाजूला, काही होत नाही.

बेस चालू लागला, खिशात हात घालून. तबल्यावर बोटं पडली. आणि बुवांनी, गार पाण्यात पाय घालून पाहावा तसा, एक स्वर ओठांआड धरला. मग दुसरा. काही झालं नाही. मग पाणी सुटलं. बाईंनी डोळे मिटले. रेकॉर्डवर कान देऊन शोधावी लागे ती गुणगुण आज मोकळी वाहत होती, तारा तिच्या मागे धावत होत्या आणि मागे पडून हसत होत्या. घडी घातलेले हात सुटले. एक पाय दुसऱ्यावरून खाली उतरला. कोण कुठल्या अंगाला बसलंय हे ओळखू येईना.

गाणं मध्यावर आलं. ती फिरत आली. एकदा.

आणि मधल्या रांगांतून डावे हात वर गेले. सवयीने. सरांचा, बेकरीवाल्याचा, दाढ काढलेल्यांचा, भरलेल्यांचा, कवळी बसवलेल्यांचा. शेत वाऱ्याने उठावं तसे.

बुवांनी ते पाहिलं आणि थांबले. मध्येच, श्वासावर. बेस थांबला, तबला थांबला. सभागृहाला कळेना. मग बुवांनी तारेवरचा हात सोडला, आणि तो डावा हात सावकाश वर केला.

बाईंच्या मनात एकच आलं. नस. त्या उठल्या कशा ते त्यांनाच कळलं नाही, पिशवी उजव्या हातात, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात, रोजच्या दवाखान्याच्या आवाजात त्यांनी विचारलं, "दुखलं?"

बुवांनी मान हलवली. अगदी गणिताच्या सरांसारखी. "नाही, बाई," ते म्हणाले. "जागा चांगली आहे. परत घेतो."

हात तारेवर आला. ती फिरत आली, एकदा, गळ्यातून आणि तारेतून मिळून. दुसऱ्यांदा आली, थोडी रेलून, जॅझच्या तिरक्या स्वरांचा हात खांद्यावर घेऊन.

"आलं का परत," वन्सं पुटपुटल्या.

तिसऱ्यांदा आली, आणि वन्संची मूठ, मागे न बघता, पुढे न बघता, खुर्चीच्या लाकडी हातावर पडली. धप्प.

सम. बेस त्याच ठोक्याला उतरला, तबला उतरला, आणि इतका वेळ टाळलेला षड्ज सगळ्या सभागृहात दिवे लागावेत तसा लागला. "ते वाद्य," गणिताचे सर म्हणाले, आणि वळून वन्संच्या मुठीकडे बघतच राहिले. स्टेजवरून बुवांनी वाजवता वाजवता वन्संकडे पाहून मान लववली, उस्तादाकडे पाहून लववतात तशी.

वन्संनी मूठ पदराखाली घेतली. मग थोडा वेळ गेल्यावर, कुणी ऐकत नाही असं पाहून, बाईंच्या कमरेशी तोंड नेऊन म्हणाल्या,

"ओरखडा माझ्या हातचा त्याच्या तारेवर चढला,
वाकडा वाकडा म्हणता, सरळ काळजात पडला."

"वन्सं," बाई म्हणाल्या, "तुणतुणं म्हणत होतात ना?"

"तुणतुणंच आहे. बरं आहे, एवढंच. आणि तू खाली बस, मागच्यांना दिसत नाही."

पण बाई उभ्याच होत्या. गुणगुण चालली होती, आता ती कुणाची वाट पाहत नव्हती. इतकी वर्षं प्रत्येक जागेला समोरचे हात वर जाताना बाईंनी पाहिले होते, आणि दर वेळी त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असत, एकात आरसा, एकात मशीन. पिशवी उजव्या हातात होती. डावा मोकळा होता. तो वर गेला.